छपरावरचे भाडेकरू

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार शेवटी, जागा उरली तर. आधी बातमी ऐक. मी घर घेतेय.

घेतेय म्हणजे अजून घेतलेलं नाही. तुरी अजून बाजारातच आहेत, ते मला कळतं. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय पोटात राहीना, आणि माझ्या लेकीला, बारकीला सांगण्यात मजा नाही, कारण घर बघायला तीच बरोबर होती. म्हणून तुला. इतकी वर्षं पत्र नाही, निरोप नाही, आणि आज अचानक हे पाकीट बघून तुझ्या मनात पहिलं काय येईल ते मला ठाऊक आहे. घाबरू नकोस. पैसे मागत नाहीये. बँक कर्ज देतेय, वरची भर मी आणि बारकीनं घातली आहे. हे एवढं भावोजींना मोठ्यानं वाचून दाखवलंस तरी चालेल.

आम्ही राहतो ती जागा मालकानं विकली. पुढे माझं इस्त्रीचं दुकान, मागे आमची खोली, सगळं जाणार आणि तिथे गाड्या धुणार. मार्चअखेर बाहेर पडायचं. इस्त्रीवालीला दुसरी जागा भाड्यानं मिळत नाही गं. सगळे आधी गोड बोलतात, मग वाफ, ओल, विजेचा भार असं काय काय आठवायला लागतं त्यांना. हॉस्पिटलचे कोट, दोन हॉटेलांच्या चादरी, एका शाळेचे गणवेश, एवढं काम आहे माझ्याकडे आणि ते करायला भिंती नाहीत. म्हणजे हे घर मिळालं तर धंदा आहे, नाहीतर सगळा संसार बोचक्यात.

घर उताराच्या रस्त्यावर शेवटचं. दाताच्या एका डॉक्टरांचं. पुढच्या मोठ्या खोलीत त्यांचा दवाखाना होता, त्यामुळे फरशी धुता येईल अशी, भिंतीत जाड वायरी, हात धुवायला दोन बेसिनं, आणि रस्त्यावर उघडणारं रुंद दार. दुखऱ्या दातांच्या लोकांनी बसून बसून गुळगुळीत केलेला एक लांब बाकही आहे. मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी आत पाऊल टाकलं आणि टेबलं कुठे लावायची ते मला दिसायलाच लागलं.

एजंट मात्र सगळीकडे हात करून दाखवत होता, फक्त वर करत नव्हता. शेवटी बारकीनंच मान वर केली. "छपरावर काय आहे ते?"

"ते होय? सोलर आहे."

"मग हे आधी सांगायचं ना! चांगलीच गोष्ट आहे."

"भाड्यानं आहे," एजंट बुटांकडे बघत म्हणाला.

झालं असं, की गोडबोल्या विक्रेत्याला भुलून डॉक्टरांनी छपरावर दोन रांगा सोलर पॅनल बसवून घेतली. पॅनल कंपनीची. डॉक्टरांनी दर महिन्याला भाडं द्यायचं, अजून बरीच वर्षं. घर विकलं तर भाडेपट्टा घेणाऱ्याच्या गळ्यात. ऐकलंस? घर माझं, भाडेकरू छपरावर, आणि भाडं त्यांनी मला द्यायचं नाही, मी त्यांना द्यायचं. उलटी गंगा म्हणतात ती हीच. आजवर आलेले सगळे गिऱ्हाईक इथपर्यंत ऐकून पळाले. वर मजला चढवता येत नाही, आणि वीज होते दुपारी, तेव्हा घरात असतं कोण? उरलेली वीज सरकारी कचेरी कवडीमोलानं घेते. म्हणून घर पडून, आणि म्हणूनच ते माझ्या आवाक्यात.

आता मला सांग ताई, भर दुपारी ज्या घरात सगळ्यात जास्त वीज लागते असं घर कुणाचं? इस्त्रीवालीचं! सकाळी कपडे येतात, दहा वाजता इस्त्र्या तापतात, आणि ऊन डोक्यावर असताना माझी टेबलं भरलेली असतात. लोकांना जे ओझं ते मला आयतं इंधन. मी तिथेच हसायला लागले. एजंटला वाटलं बाईला ऊन लागलं.

कळवते पुढचं.

तुझी बहीण

ता. क. नमस्कार राहिलाच. नमस्कार.

१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. नसेना. मी लिहिते.

सोलर कंपनीचा माणूस घरी येऊन गेला. गळ्यात टाय, त्यावर छोटे छोटे सूर्य. आम्ही त्याला टायवालाच म्हणतो. माणूस वाईट नाही. टायला इस्त्री वाईट होती.

"मॅडम, भाडेपट्टा तुमच्या नावावर करायला कंपनीची एक अट आहे."

"एकच? मग काय घाबरायचं."

"तुमच्या स्वतःच्या नावावर वीजजोडणी हवी. निदान पाच वर्षं सलग, एकही बिल न थकवता."

मी म्हटलं, बिल मीच भरते दर महिन्याला, पावत्या दाखवू? त्यानं विचारलं कुणाच्या नावाची. मालकाच्या. "मग कागदावर ते मालकानं भरलं." त्याच्या आधीचं? त्या मालकाच्या नावाचं. त्याच्या आधीचं? त्याही मालकाच्या. मग तो खरंच वाईट वाटून म्हणाला, "मॅडम, तुमचा वीज-इतिहास नाही."

ताई, अर्धा जन्म इस्त्री हातात धरून उभी आहे मी. उजव्या मनगटावर पांढरे डाग इतके आहेत की बारकी लहानपणी त्यावर आकडे मोजायला शिकली. आणि मला इतिहास नाही! शाळेत इतिहासात नापास व्हायचे, तो सूड असावा.

टायवाल्याला मी चहा दिला, त्याचा टाय काढून घेतला आणि वाफ मारून परत दिला. तो म्हणाला, अट बदलणं त्याच्या हातात नाही. भाडेपट्टा नावावर झाला नाही तर बँक कर्ज देणार नाही, आणि कर्ज नाही तर घर नाही. एकात एक अडकलेलं सगळं.

त्यात दुष्काळात तेरावा महिना: एक गोदामवाला मध्येच उगवला आहे. त्याला पॅनल नको, घरही नको. कंपनीचा हिशोब एकरकमी मिटवून सगळं पाडणार आणि गोदाम बांधणार. डॉक्टरांना ते आवडत नाही. मला म्हणाले, "या खोलीत लोक कळा सोसत आले आणि हसत गेले. तिथे खोकी भरलेली मला बघवणार नाहीत. पण मार्चच्या मध्यापर्यंतच थांबू शकतो. मुलगा मागे लागलाय."

तेव्हा मार्चच्या मध्यापर्यंत मला इतिहास पैदा करायचा आहे. सुचतंय का काही तुला? तू नेहमी म्हणायचीस ना, तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरचा शरण येतो. भाडेपट्ट्यापुढे तो पट्टा चालत नाही, हे मला या वयात कळलं.

तुझी बहीण

२४ फेब्रुवारी

ताई,

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला इतिहास आहे. तुझ्या घरी आहे. मागच्या दाराशेजारी भिंतीवर होता, राखाडी पेटीत.

या गोष्टीबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आता बोलावं लागणार, तेव्हा एकदाच बोलून टाकते.

बारकीचा बाप निघून गेल्यावर मी तिला घेऊन तुझ्याकडे आले. तू मागची खोली दिलीस, मी आसपासच्यांचे कपडे घेऊन इस्त्री करायला लागले. मग एक दिवस दुपारी कपडे पोचवून परत येते तो मागच्या दारात वायरमन शिडीवर, भावोजी खाली उभे, आणि भिंतीवर माझ्या खोलीसाठी वेगळा मीटर. "तुझी इस्त्री, तुझा मीटर," भावोजी म्हणाले. तू दारात होतीस. हातात ओला पेला होता आणि तो तू पुसत होतीस. तू काही म्हणाली नाहीस.

एका घरात दोन मीटर, ताई. तुमचं चाक वेगळं, माझं वेगळं. बारकी रात्री अभ्यासाला तुमच्या दिव्याखाली बसली की मला वाटायचं, आता कुणीतरी म्हणेल, तुमच्या मीटरवर जा. आणि बिल यायचं त्यावर नाव काय? श्रीमती धाकटी. माझं खरं नाव लिहिण्याइतकीही किंमत नाही, घरात हाक मारतात तेच टाकलं, कुत्र्या-मांजराचं टाकतात तसं. दर महिन्याला ते बिल मी मुदतीच्या आधी भरलं. एकदाही चुकले नाही. निव्वळ रागानं भरलं म्हण.

मग त्या दिवशी पाहुण्यांसमोर भावोजींनी बिल वाचून दाखवलं, "आमच्या मागच्या खोलीत धाकटीचं स्वतंत्र संस्थान आहे," सगळे हसले, आणि त्याच आठवड्यात मी बारकीला घेऊन बाहेर पडले. तेव्हाही तू काही म्हणाली नाहीस. इथून तुझं घर दोन बस बदलून आहे. त्या दोन बस आपल्या दोघींपैकी कुणालाच बदलता आल्या नाहीत.

असो. काल शर्टाच्या कॉलरला इस्त्री करताना हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि मी इस्त्री उभी करून ठेवली. जोडणी माझी होती! पाच काय, सात वर्षं. सकाळी वीज कचेरीत गेले. कारकून चांगला निघाला, जुनी खाती उघडून शोधलं त्यानं. सापडलं. थकबाकी नाही, दंड नाही, स्वच्छ.

"पण बाई," तो म्हणाला, "ही धाकटी म्हणजे तुम्हीच, हे कशावरून?"

माझ्या सगळ्या कागदांवर माझं नाव आहे. धाकटी कुठेच नाही. शेवटी त्यानं साहेबांना विचारून सांगितलं: ज्या घरात ती जोडणी होती त्या घराच्या मालकानं समक्ष येऊन ओळख पटवली, तर दाखला मिळेल. आणि घर तुझ्या नावावर आहे. कर वाचवायला भावोजींनी ते तुझ्या नावावर घेतलं होतं, आठवतं ना?

मी विनवणी करत नाही. कळवतेय. वीज कचेरी, दुसरा मजला, जुनी खाती. सुट्टीचे दिवस सोडून रोज उघडी असते.

६ मार्च

ताई,

आज पण नाही.

बारकी म्हणाली, मावशीला फोन करते. मी नको म्हटलं. फोन भावोजी उचलतील, आणि मग "काय काम आहे" पासून सुरुवात. पत्र तुझ्याच हातात पडतं, तुझ्या घरी पत्रपेटी तूच उघडतेस, हे मला माहीत आहे. म्हणजे तू वाचलंयस. वाचून ठेवून दिलंयस.

डॉक्टर काल स्वतः दुकानात आले, कोट घेऊन. दवाखाना बंद करून वर्ष झालं, तरी कोट इस्त्रीला आणतात. म्हणाले, गोदामवाल्यानं आगाऊ रक्कम आणून टेबलावर ठेवली, ती त्यांनी परत सरकवली. किती दिवस सरकवणार?

मी आज फक्त चादरी केल्या. चादरीला डोकं लागत नाही. दोघींनी टोकं धरायची, ताणायची, मग घडी. बारकी कामावर गेलेली असली की दुसरं टोक मी खिळ्याला अडकवते.

एक सांगते, मग पुन्हा लिहिणार नाही. तू तेव्हा काही बोलली नाहीस ते मी इतकी वर्षं सोसलं. या वेळी तू बोलली नाहीस तर माझं घर जाईल. तुझ्या गप्प बसण्यापायी दुसऱ्यांदा.

१२ मार्च

ताई गं,

काल तू समोर होतीस आणि माझ्या तोंडून धड चार शब्द फुटले नाहीत. मी, आणि शब्दांची टंचाई! म्हणून आज लिहिते. तू तिथे होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी वाच. माझ्या बाजूनं ते कसं दिसलं ते तुला कुठे ठाऊक?

दुकानात फोन आला. वीज कचेरीतला कारकून. "बाई, इथे एक मोठ्या बाई आल्यात. 'धाकटीला बोलवा' म्हणतात, आणि खुर्ची देतोय तर बसत नाहीत." मी इस्त्र्या बंद केल्या आणि धावत सुटले. कचेरीत पोचले तेव्हा कळलं, पाणी मारायची बाटली हातातच आहे.

तू खिडकीशी उभी होतीस. केस पांढरे झालेत तुझे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. छत्री काखेत, पर्स काउंटरवर, आणि कारकून मागे सरकून बसलेला.

"यांना ओळखता?" त्यानं विचारलं.

"ओळखते म्हणजे? हिच्या भुवईत खोक आहे ना, ती माझ्यामुळे. झोपाळ्यावरून ढकललं होतं मी."

"नाव सांगा यांचं."

"धाकटी."

"ते इथे लिहिलंच आहे. खरं नाव सांगा."

आणि ताई, तू थांबलीस. तू माझ्याकडे बघितलंस. तुझे ओठ हलले आणि त्यातून काही आलं नाही. तुला माझं नाव आठवेना! सख्ख्या बहिणीचं नाव! रांगेतले सगळे माना पुढे काढून उभे, कारकून पेन उचलून, आणि तू कपाळावर हात मारून म्हणालीस, "अहो, जन्मात कधी त्या नावानं हाक मारली असेल तर आठवेल ना! त्या दिवशीही अस्संच झालं होतं!"

"कोणत्या दिवशी?"

आणि मग तू सांगितलंस. त्याला सांगितलंस, मला नाही. माझ्याकडे पाठ करून. भावोजी माझी इस्त्री उचलून बाहेर ठेवायला निघाले होते. घराचं बिल वाढतं म्हणून. तू त्यांना म्हणालीस, वेगळा मीटर घेऊ, तिचं बिल ती भरेल, तुमचं वाचेल. त्यांना ते पटलं. मग तू एकटी कचेरीत गेलीस. आयुष्यात पहिल्यांदा एकटी कुठल्या कचेरीत. घर तुझ्या नावावर, म्हणून सही तुझी चालली. खिडकीतल्या माणसानं विचारलं, नाव काय, आणि तुझ्या तोंडून धाकटी निघून गेलं. त्यानं लिहून घेतलं. पुसायला सांगायचा तुला धीर झाला नाही.

"एकाच मीटरवर ठेवली असती, तर रोज कुणीतरी उठून हिचं बटण बंद केलं असतं," तू म्हणालीस. "हिचा मीटर हिच्या नावावर झाला, की बटण हिचं. मग कुणाचा हात लागणार नाही."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. मागची बाई रुमाल शोधायला लागली. मी तिथेच बाकावर बसले, बाटली मांडीवर घेऊन, आणि मला रडू आलं ते आवरेना. ज्या पेटीकडे मी सात वर्षं जळत्या डोळ्यांनी बघितलं ती तू माझ्यासाठी लावली होतीस. तू माझ्या बाजूनं होतीस, पहिल्यापासून होतीस.

माझं चुकलं वगैरे मी लिहिणार नाही. सांगितलं का नाहीस? पेले काय पुसत बसलीस? विचारलं तर म्हणालीस, "सांगितलं असतं तर तू ह्यांच्या अंगावर धावली असतीस, आणि इस्त्री पुन्हा बाहेर गेली असती." ते मात्र खरं.

पत्र वाचूनही यायला इतके दिवस का लागले, तेही तू सांगितलंस. भावोजी कुठे जाऊ देत नव्हते म्हणून नाही. "तुझी पत्रं पुन्हा पुन्हा वाचत होते," म्हणालीस. आणि परतीची बस गाठायला निघूनही गेलीस, कचेरीतला चहासुद्धा न घेता. माझं खरं नाव जाता जाता जिन्यात आठवलं तुला. ते तू तिथूनच ओरडलीस. सगळ्या मजल्यांनी ऐकलं.

दाखला मिळाला. शिक्का इतका जोरात मारला त्यानं की टेबल हललं.

धाकटी

२ एप्रिल

ताई,

घर माझं झालं!

पुन्हा लिहिते, कारण लिहायला बरं वाटतं. घर माझं झालं. डॉक्टरांनी किल्ल्या दिल्या आणि गोदामवाल्याला निरोप धाडला, म्हणे जागेला चांगली बाई मिळाली. टायवाला भाडेपट्ट्याचे कागद घेऊन आला तेव्हा टायला नवी इस्त्री होती, पण तीही वाईटच. सह्या झाल्या. छपरावरचे भाडेकरू आता माझे. महिन्याच्या महिन्याला मी त्यांना पोसणार, आणि ते दिवसभर उन्हात पडून माझ्यासाठी राबणार. असे भाडेकरू कुणाला मिळतात सांग!

सामान बारकी कामावर चालवते त्या व्हॅनमधून तीन खेपांत आलं. दवाखान्याच्या खोलीत चार टेबलं लावली, जिथे खुर्चीवर लोक तोंड वासून बसायचे तिथे आता वाफेचं मोठं मशीन. कप्पे तसेच ठेवले, औषधांच्या जागी गिऱ्हाइकांच्या घड्या. बाकावर लोक बसतात आणि उगाचच गाल चोळतात, सवयीनं.

पहिल्या दिवशी आभाळ आलं. मी अंगणात उभी राहून वर बघत होते आणि जे काय बोलत होते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशीही आभाळ. बारकी म्हणाली, "आई, वीज कचेरीची वीज येतेय ना, काम थांबलंय का?" काम थांबलं नव्हतं, पण मला माझी हवी होती. तिसऱ्या दिवशी दहा वाजता ढग फाटले. पहिली इस्त्री तापली, मग दुसरी, मग मशीन शिट्टी मारायला लागलं, आणि खोलीभर गरम कापडाच्या वासाची वाफ पसरली. मी सगळी बटणं एकदम लावली. एकही बंद केलं नाही. त्या दिवशी हॉस्पिटलचे सगळे कोट दुपारच्या आत झाले, कॉलरी अशा कडक की कागद कापावा.

आणि जेवायच्या वेळी इस्त्र्या बंद करून आम्ही दोघी मीटर बघायला गेलो. हल्ली चाक नसतं. आकडे असतात आणि शेजारी एक बाण. बाण उलटा झाला होता. घरात येत नव्हता, बाहेर जात होता. माझी वीज रस्त्यावर चालली होती, लोकांचे पंखे फिरवायला. बारकीनं टाळी मागितली, मी दिली, आणि मग आम्ही दोघी त्या पेटीसमोर वेड्यासारख्या नाचलो. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी बघत होतं. बघेना! माझं अंगण आहे.

बारकीनं तुला फोनवर सांगितलेलं भावोजींच्या कानावर गेलं, आणि त्यांनी निरोप पाठवला म्हणे, मीटर उलटा फिरतो हे खरं का, आणि पॅनल लावून घ्यायची तर कुणाला विचारायचं. त्यांना सांग, मला विचारायचं. पण फोनवर नाही. इथे यायचं, बाकावर बसायचं आणि नंबर येईपर्यंत थांबायचं.

आता तुझं. दुकानात ये म्हणून बोलावलं तर तू लिहिलंयस, "मी येऊन काय करणार, मला इस्त्री येत नाही." तुला इस्त्री कोण सांगतंय? मला माणूस हवंय दाराशी. गिऱ्हाईक येतं, मी टेबलाशी, हात सोडता येत नाही, माझं अर्धं लक्ष कॉलरीत, आणि लोक आपलं बोचकं टाकून कुणाचं काय ते न सांगता पळतात. ज्या बाईनं वीज कचेरीची सगळी रांग थांबवली तिला चार गिऱ्हाइकं सांभाळता येणार नाहीत? सोमवारी यायचं, बुधवारी परत. मधल्या रात्री मागच्या खोलीत राहायचं. पगार देईन. नाही म्हणालीस तरी देईन. हातात स्वतःचे पैसे आले की कसं वाटतं ते बघ एकदा या वयात.

भावोजींचं जेवण? त्यांना हात आहेत. मी बघितलेत.

धाकटी

१८ एप्रिल

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. सहा शब्द लिहिलेस, त्यातले दोन खोडलेस, उरलं ते एवढं: "सोमवारी येते. खुर्ची ठेव."

फर्निचरच्या दुकानात दोन खुर्च्या बघितल्या. एक स्वस्त होती, दुसरीला हात होते. हातांची घेतली. दारापाशी ठेवलीय, बसलं की अख्खा उतार दिसतो, खाली बस थांबते तिथपर्यंत. सकाळपासून तीन जण तिच्यावर बसायला आले. तिघांनाही उठवलं.

धाकटी